देवनहळ्ळीत की देवनहळ्ळी येथे?

बेंगळूरच्या उत्तरेस, चाळीसएक किलोमीटरांवर, देवनहळ्ळी नावाचे तालुक्याचे गाव आहे. जुना दगडी किल्ला, टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि आसपासच्या बागांतील रसाळ पपनसे, एवढ्यावर या गावाची ओळख पूर्वी संपत असे. २४ मे २००८ रोजी गावाच्या अलीकडे काही किलोमीटरांवर बेंगळूरचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि देवनहळ्ळीचे नाव देशभरच्या प्रवाशांच्या कानी पडू लागले. पुढे २०१३ साली त्या विमानतळाला बेंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांचे नाव देण्यात आले.

आता हा विमानतळ नेमका कोठे आहे, असे इंग्रजीत सांगावयाची वेळ आली म्हणजे तीन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. परगावचा प्रवासी म्हणतो, तो ‘इन बेंगळूर’ आहे. वार्ताहर लिहितो, तो ‘ॲट देवनहळ्ळी’ आहे. नकाशे करणारा म्हणतो, तो ‘निअर देवनहळ्ळी’ आहे. विमानतळ एकच, तो जागचा हललेला नाही, आणि तरी तिघांची तीन वाक्ये. कोणाचे खरे मानावे? माझे उत्तर असे की तिघांचेही खरे आहे. प्रवाशाने महानगराचा सारा पसारा डोळ्यांपुढे आणला आहे. वार्ताहराने नकाशावर एका ठिपक्यावर बोट ठेवले आहे. आणि नकाशे करणाऱ्याने त्या ठिपक्यापासूनचे अंतर ध्यानात घेतले आहे. जागा बदललेली नाही. बदलली आहे ती पाहणाऱ्याची नजर. स्थलवाचक शब्दयोगी अव्ययांचे सारे मर्म, श्रोतेहो, या एका गोष्टीत आहे.

सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात आणि तपासण्यात वीसएक वर्षे घालविल्यावर माझे असे मत झाले आहे की, इंग्रजी लिहिताना आपली मराठी माणसे मोठ्या शब्दांपाशी फारशी अडखळत नाहीत. चार-चार अवयवांचे लॅटिन वळणाचे शब्द ती सहज वापरतात. ती अडखळतात ती दोन-तीन अक्षरांच्या शब्दांपाशी: ॲट, इन, ऑन. हत्ती निघून जातो आणि शेपूट अडकते.

याचे कारण आपण ज्या रीतीने इंग्रजी शिकलो त्या रीतीत आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडून दिला. ते ऋण मोठे आहे. परंतु भाषांतराच्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात एक कोष्टक आपोआप तयार होते. ‘त’ म्हणजे इन, ‘वर’ म्हणजे ऑन, ‘ला’ म्हणजे टू, ‘खाली’ म्हणजे अंडर. या कोष्टकात ‘ॲट’ला घरच मिळत नाही. ते बिचारे पाहुण्यासारखे ओसरीवर बसून राहते आणि कोणीतरी कधीतरी अंदाजाने त्याला आत बोलावतो.

कोष्टक चुकते कसे ते पाहा. कचेरीत दूरध्वनी वाजतो. साहेब बाहेर गेलेले असतात. मराठीत आपण म्हणतो, ‘साहेब जागेवर नाहीत.’ हे वाक्य निर्दोष आहे. त्याचे इंग्रजी मात्र ‘ही इज नॉट ऑन हिज सीट’ असे होते, आणि ऐकणाऱ्या इंग्रजाला क्षणभर वाटते की साहेब खुर्चीवरून खाली पडले की काय! तेथे हवे असते ‘ॲट हिज डेस्क’. तीच गत विमानतळाची. आपण ‘विमानतळावर’ जातो, म्हणून ‘ऑन द एअरपोर्ट’ लिहितो. इंग्रज मात्र ‘ॲट द एअरपोर्ट’ असतो. आपल्या बायका विहिरीवर पाणी भरतात, मुले नाक्यावर उभी राहतात, शेतकरी शेतावर जातो, मजूर कामावर जातो. यांपैकी कोणीही कशाच्याही माथ्यावर चढलेला नाही. मराठीतला हा ‘वर’ पृष्ठभाग दाखवीत नाही; तो दाखवितो एखादे काम चालण्याचे ठिकाण. अशा ‘वर’ला इंग्रजीत बहुतेक वेळा ‘ॲट’ हाच पर्याय असतो: ॲट द वेल, ॲट द स्टेशन, ॲट वर्क.

मग इंग्रजीची स्वतःची रीत कोणती? तीन चित्रे मनात ठेवली तर पुष्कळसा उलगडा होतो. पहिले चित्र बिंदूचे. जागेची लांबीरुंदी मनात न आणता ती केवळ एक ठिकाण म्हणून पाहिली की ‘ॲट’. दुसरे चित्र पृष्ठभागाचे किंवा रेषेचे. वस्तू त्याला टेकलेली, चिकटलेली किंवा त्याच्या कडेने असली की ‘ऑन’. तिसरे चित्र वेढ्याचे. भिंती असोत, सीमा असोत वा नुसती हवा असो, वस्तू कशाच्या तरी पोटात असली की ‘इन’.

‘ऑन’ म्हणजे ‘वर’ नव्हे, ‘लागून’ होय, हे एकदा ध्यानात आले म्हणजे बरीच कोडी सुटतात. छताला लटकणारा पंखा ‘ऑन द सीलिंग’ असतो. तो छताच्या वर नाही, छताला लागून आहे. मराठीनेही येथे ‘छतावर’ न म्हणता ‘छताला’ म्हटले आहे. पंढरपूर ‘ऑन द भीमा’ आहे आणि वाई ‘ऑन द कृष्णा’ आहे, असे वाचून ही गावे पुलावर वसली आहेत असे समजावयाचे कारण नाही. नदी ही रेषा, गाव त्या रेषेला लागून. आपण त्यालाच ‘काठी’ किंवा ‘तीरी’ म्हणतो.

आमच्या शाळेतील व्याकरणात एक नियम असे: मोठ्या शहरांना ‘इन’, लहान गावांना ‘ॲट’. हा नियम सोयीचा आहे. परंतु देवनहळ्ळीला नेऊन तो तपासला तर टिकत नाही. देवनहळ्ळीत जन्म काढलेला माणूस ‘आय लिव्ह इन देवनहळ्ळी’ असेच म्हणेल, आणि ते शुद्ध आहे. कारण त्याच्या दृष्टीने तेथे गल्ल्या आहेत, बाजार आहे, देवळे आहेत, भांडणे आहेत, म्हणजे एक सबंध जग आहे, आणि तो त्या जगाच्या पोटात राहतो. उलट, लांबच्या प्रवासात विमान दोन तास थांबले तर एवढे मोठे लंडन शहरही ‘ॲट लंडन’ होऊन जाते, कारण त्या प्रवाशापुरते लंडन हा वाटेवरचा एक टप्पा, एक ठिपका असतो. तात्पर्य, गावाचा आकार नव्हे, बोलणाऱ्याचे त्या गावाशी असलेले नाते शब्द ठरविते. म्हणूनच प्रवासी ‘अराइव्ह’ होतो तो विमानतळापाशी ‘ॲट’ने, आणि शहरात ‘इन’ने.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की, इंग्रजांची ही सूक्ष्म नजर आम्हांस कोठून यावी? येथेच मला आजचा मुख्य मुद्दा सांगावयाचा आहे. ही नजर आपल्यापाशी आहे. मराठी भाषेने ती आपल्याला बाळपणीच दिली आहे. आपण तिच्याकडे लक्ष दिलेले नाही, एवढेच.

‘आमची गाडी मिरजेला थांबली’ आणि ‘आम्ही मिरजेत थांबलो’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात मिरज हा रुळावरचा एक बिंदू आहे. दुसऱ्यात ते शहर आहे, तेथे कोणाचे तरी घर आहे आणि बहुधा जेवणही झाले आहे. ‘पुण्याला माझी बहीण असते’ असे आपण म्हणतो, परंतु ‘पुण्यात दंगल झाली’ असे म्हणतो. ‘तो सभेला होता’ म्हणजे हजर होता; ‘सभेत गोंधळ झाला’ म्हणजे मंडपाच्या आत काही घडले. व्याकरणाच्या पुस्तकात ‘ला’ हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय म्हणून बसविलेला आहे आणि सप्तमीच्या घरात ‘त, ई, आ’ एवढेच शिकविले जाते. पण बोलण्यात हा ‘ला’ सप्तमीचे काम बिनबोभाट करतो, आणि ते काम नेमके ‘ॲट’चे आहे.

‘ई’ हा प्रत्ययही असाच. घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी. ‘घरात’ म्हणजे भिंतींच्या आत. ‘घरी’ म्हणजे आपल्या ठिकाणी, ॲट होम. अंगणात बाजेवर पडलेला माणूस घरी असतो, घरात नसतो. नवविवाहिता माहेरी जाते तेव्हा ती कोणत्या खोलीत आहे असे कोणी विचारीत नाही.

कोपऱ्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. खोलीच्या ‘कोपऱ्यात’ छत्री ठेवली जाते आणि रस्त्याच्या ‘कोपऱ्यावर’ पानाची टपरी असते. इंग्रजीतही खोलीचा कोपरा ‘इन’ घेतो आणि रस्त्याचा कोपरा ‘ॲट’ किंवा ‘ऑन’ घेतो. दोन भाषा सात समुद्रांच्या अंतराने वाढल्या आणि दोघींनी तोच भेद केला. कारण खोलीचा कोपरा वेढतो आणि रस्त्याचा कोपरा पुढे येतो. दाराचेही तसेच. पाहुणा ‘दाराशी’ येतो, वारा लागावा म्हणून आजोबा ‘दारात’ बसतात आणि शुभलाभ ‘दारावर’ लिहिले जाते. ॲट, इन, ऑन ही तिन्ही एका दाराभोवती उभी आहेत.

आणि ‘ॲट’ला मराठीत शब्द नाही असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी आजचे वर्तमानपत्र उघडावे. ‘नाशिक येथे भरलेले संमेलन’, ‘सोलापूर येथील गिरणी’, ‘देवनहळ्ळी येथे जन्म’. हा ‘येथे’ म्हणजे साक्षात ‘ॲट’ होय. गावाच्या नावाचे सामान्यरूपही न करता, त्याचा ठिपका जसाच्या तसा ठेवून, तो केवळ बोट दाखवितो. गेली कित्येक दशके मराठी लेखणी हा शब्द रोज चालवीत आहे. आणि तिच्याच हाताला इंग्रजीत ‘ॲट’ लिहिताना कंप सुटतो, हे मोठे नवल आहे.

तरीही सर्वच ठिकाणी दोन्ही भाषांचे जुळते असे मात्र नाही. जेथे जुळत नाही तेथे तर्क करीत बसू नये, रिवाज पाठ करावा. आपण बोटात अंगठी घालतो, पायात वहाणा घालतो, हातात बांगड्या भरतो. इंग्रजी माणसाची अंगठी बोटा‘वर’ असते आणि बूट पायां‘वर’. विचार केला तर आपणच उलटे बोलतो, कारण बोट अंगठीत असते! झाडावर पक्षी बसतो आणि झाडावरच आंबा लागतो, असे आपण दोघांनाही एका मापाने मोजतो; इंग्रजीत आंबा ‘ऑन द ट्री’ आणि पक्षी ‘इन द ट्री’, कारण आंबा फांदीला चिकटलेला आणि पक्षी पानांच्या पोटात शिरलेला. वाहनांचा ढोबळ नियम असा की, ज्यात उभे राहून चालता येते त्या आगगाडीला, बसला, विमानाला ‘ऑन’. ज्यात वाकून शिरावे लागते त्या मोटारीला ‘इन’. आपणही ‘गाडीवर आलो’ आणि ‘गाडीत आलो’ यांत भेद करतोच. पहिल्यात दुचाकी असते, दुसऱ्यात चार चाके.

येथे शेजारच्या कानडीची आठवण होते. बेंगळूरच्या परिसरात अनेक मराठी कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त राहतात. घरात मराठी, रस्त्यात कानडी आणि कचेरीत इंग्रजी अशी त्यांच्या मुलांची त्रिवेणी चालते. कानडीत घरात असो वा गावी असो, ‘अल्लि’ या एका प्रत्ययावर बरेचसे भागते: मनेयल्लि, बेंगळूरिनल्लि, देवनहळ्ळियल्लि. ‘वर’ सांगावयाचे असेल तर ‘मेले’, जवळ सांगावयाचे असेल तर ‘हत्तिर’. म्हणजे स्थळाची वाटणी प्रत्येक भाषेने आपापल्या सोयीने केलेली आहे. शेताचे बांध जसे दोन गावांत एकसारखे पडत नाहीत, तसे हेही बांध एकसारखे पडत नाहीत. कोणत्याही भाषेचे बांध दुसरीच्या शेतात नेऊन घालणे हीच चूक. मग ते मराठीचे इंग्रजीत असोत वा इंग्रजीचे मराठीत. अलीकडे ‘मी बसवर आहे’ असे मराठी कानी पडते तेव्हा टपावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, तो यामुळेच.

कोणी विचारील, अर्थ समजला म्हणजे झाले, एवढ्या बारकाव्याचे काय काम? बोलताना पुष्कळदा काम नसते, हे खरे. हात दाखविता येतो, पुन्हा विचारता येते. लेखी कागदाला मात्र हात नसतात.

दोन उदाहरणे देतो. ‘समोर’ हा आपला शब्द घ्या. इंग्रजीत घराला लागून पुढे असेल ते ‘इन फ्रंट ऑफ’ आणि रस्त्याच्या पलीकडे तोंडातोंडी असेल ते ‘ऑपोझिट’. मराठीतही ‘घरापुढचे अंगण’ आणि ‘घरासमोरचे दुकान’ हा भेद आहेच. पण घाईत आपण दोन्हींना ‘समोर’ म्हणतो आणि मग इंग्रजीत दोन्हींना ‘इन फ्रंट ऑफ’. परक्या शहरात रात्री अग्निशामक दलाला पत्ता सांगताना मधला रस्ता वाहता असेल आणि दुभाजक लांबवर फुटत नसेल, तर या एका शब्दात मोलाची मिनिटे जातात.

दुसरे उदाहरण दिशांचे. गडचिरोली महाराष्ट्राच्या पूर्वेस आहे. छत्तीसगड महाराष्ट्राच्या पूर्वेस आहे. ओडिशाही महाराष्ट्राच्या पूर्वेस आहे. मराठीत तिन्ही वाक्ये एकाच प्रत्ययाने चालतात. परंतु गडचिरोली महाराष्ट्राच्या पोटात आहे, छत्तीसगडची सीमा महाराष्ट्राला लागून आहे, आणि ओडिशाची सीमा महाराष्ट्राला कोठेच भिडत नाही. इंग्रजी येथे तीन वेगळे शब्द मागते: पहिल्याला ‘इन द ईस्ट’, दुसऱ्याला ‘ऑन द ईस्ट’, तिसऱ्याला ‘टु द ईस्ट’. नकाशात ही गंमत वाटेल. जमिनीच्या चतुःसीमेत ती गंमत राहत नाही. शेजाऱ्याचा गट ‘पूर्वेस’ आहे असे लिहिताना तो लागून आहे की मध्ये ओढा आहे, यावर दोन घरांचे वर्षानुवर्षांचे सौख्य अवलंबून असते.

देवनहळ्ळी तालुक्यातच पाहा. तेथील तेरा गावांतील १,७७७ एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी संपादन करण्याचा प्रस्ताव होता. शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन चालविले आणि १५ जुलै २०२५ रोजी कर्नाटक सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. त्या वादाच्या गुणदोषांत मला शिरावयाचे नाही. परंतु ज्याची उपजीविका त्या जमिनीवर आहे अशा शेतकऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. आपले शेत त्या क्षेत्रा‘त’ आहे, क्षेत्रा‘लगत’ आहे की क्षेत्रा‘जवळ’ आहे, हा त्याच्यासाठी व्याकरणाचा प्रश्न नसतो. ‘इन’, ‘अड्जॉइनिंग’ आणि ‘निअर’ यांत त्याचे घरदार तोललेले असते. मसुदा लिहिणाऱ्याच्या लेखणीला ही जाणीव असली पाहिजे.

आणि कधी कधी अचूकपणा म्हणजे कमी सांगणे, हेही देवनहळ्ळीच शिकविते. टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीच्या किल्ल्यात झाला, असे सर्रास सांगितले जाते. आज जन्मस्थान म्हणून जी खांबांची लहानशी चौकट आणि शिलालेख दाखविला जातो, तो उभ्या असलेल्या किल्ल्याच्या तटाबाहेर, थोड्या अंतरावर आहे. म्हणून जपून लिहिणारा इतिहासकार ‘ॲट देवनहळ्ळी’ एवढेच म्हणेल. ‘इन’ शब्द भिंतींची हमी देतो. ‘ॲट’ ती देत नाही. जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावर थांबणारा हा शब्द आहे, आणि प्रामाणिक लेखनात अशा शब्दांची फार गरज असते.

मग हे शब्द शिकावे कसे? कोष्टके पाठ करून नव्हे. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी क्षणभर मराठी प्रत्ययाला विसरावे आणि जागेकडे पाहावे. मला ठिपका दिसतो आहे की पसारा? वस्तू टेकली आहे की वेढली गेली आहे? लागून आहे की नुसती जवळ आहे? उत्तर मिळाले की शब्द आपण होऊन पुढे येतो. जेथे येत नाही तेथे चांगल्या लेखकांचे वाचन करावे आणि शब्द सुटा न उचलता त्याच्या जोडीदारासह उचलावा: ‘ॲट द डोअर’, ‘ऑन द फर्स्ट फ्लोअर’, ‘इन द सन’. मुलांना शिकविणाऱ्यांनी तर ‘त म्हणजे इन’ असे सांगण्याऐवजी मुलांना आधी ‘घरी’ आणि ‘घरात’ यांतला फरक विचारावा. बहुतेक मुले तो बरोबर सांगतील. जे मूल हा फरक सांगू शकते त्याला ‘ॲट’ शिकविण्याचे अर्धे काम त्याच्या आईने आधीच करून ठेवलेले असते.

परभाषा शिकण्याचा हा एक लाभ क्वचितच बोलून दाखविला जातो. ती आपल्याला स्वतःच्या भाषेकडे पुन्हा पाहावयास लावते. ‘ॲट’च्या शोधात निघालेल्या मराठी माणसाला वाटेत ‘येथे’ भेटतो, ‘घरी’ भेटतो, मिरजेला थांबलेली गाडी भेटते. रोज वापरलेले हे शब्द इतके नेमके आहेत हे त्याला तेव्हा प्रथम कळते. एवढे कळले की इंग्रजी तर सुधारतेच. पण आपण मराठीही अधिक जपून लिहू लागतो.